असं कोण बोलतंय?

मागच्या महिन्यात कोल्हापूरला आईकडे गेले होते तेव्हा तिचं लायब्ररीचं पुस्तक बदलून आणायचं काम माझ्याकडे आलं. लायब्ररी पहिल्या मजल्यावर, जिना लाकडी आणि उभा, आणि आईचे गुडघे आता त्या जिन्याचं नाव काढू देत नाहीत. काय आणू विचारलं तर म्हणाली जाड आण. आणि जुनं आण, नव्यात सगळे पहिल्या पानापासून डिप्रेशनमध्ये असतात. (हा शब्द तिनं टीव्हीवरून उचललाय आणि आता तो ती कुंडीतल्या तुळशीलासुद्धा लावते.) तर मी कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणासमोर उकिडवी बसून एकेक रेक्झिनची बाइंडिंग बाहेर काढत होते, नाव बघून परत आत सारत होते, आणि त्यात ना. सी. फडक्यांची एक कादंबरी हाताला लागली. मध्येच उघडली. नायक नायिकेला कुठेतरी निवांत जागी घेऊन गेलाय आणि बोलतोय. बोलतोय म्हणजे काय, पान उलटलं तरी बोलतोय, श्वास घ्यायलाही थांबत नाहीये, आणि त्या पानाच्या समासात पेन्सिलनं, बाईचं असावं असं वाटणाऱ्या बारीक गोल अक्षरात लिहिलंय, "असं कोण बोलतंय?" आणि त्याच्या खाली वेगळ्या अक्षरात, निळ्या बॉलपेननं, एकच शब्द. "फडके."

मी बसल्या जागी इतक्या जोरात हसले की काउंटरवरच्या काकांनी चष्म्यावरून बघितलं. फोटो काढला, मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकला, पुस्तक जागच्या जागी ठेवलं कारण आईनं ते वाचलेलं असणारच, आणि तिच्यासाठी दुसरं एक जाडजूड काहीतरी घेऊन जिना उतरायला लागले. चारपाच पायऱ्या उतरले असेन आणि हसू गेलं.

कारण त्याच रात्री नऊ वाजता वाचणाऱ्यांच्या मोबाईलवर माझ्या कथेचा ६३वा भाग पडायचा होता, आणि त्यात मल्हार सईला जे बोलणार होता ते मी आदल्या दिवशी एसटीत बसून लिहून ठेवलं होतं. तेही जवळजवळ दीड पान भरलं असतं.

मी प्रेमकथा लिहिते. हे वाक्य मी इथं टाइप करतेय तितक्या सहज तोंडानं कधी म्हणू शकलेले नाही. लग्नाकार्यात कुणी ओळख करून देताना "ही लिहिते बरं का" म्हणतात, समोरचा विचारतो काय लिहिता, मी म्हणते कथा, तो म्हणतो सामाजिक का, मी म्हणते हो, दोन माणसं असतात म्हणजे सामाजिकच की. मग तो समाधानानं बासुंदीकडे वळतो. ऑफिसात (एका पतपेढीत आहे मी, पुण्यात) फक्त एका मैत्रिणीला माहितीय आणि ती माझा प्रत्येक भाग जेवणाच्या सुट्टीत डब्याच्या झाकणाला मोबाईल टेकवून वाचते, माझ्यासमोरच, आणि मला एका शब्दानं काही सांगत नाही. फक्त एखाद्या दिवशी पोळीचा घास हातात तसाच राहतो. तेवढ्यावरून मी समजते.

आणि लिहिणं म्हणजे तरी काय, टेबल नाही, खिडकी नाही, पावसाकडे बघत बसणं तर मुळीच नाही. रोज हजार-बाराशे शब्द, मोबाईलवर, ओट्याशी उभं राहून. एका हातानं पोळी उलटायची आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं मल्हारला घायाळ करायचं. कधी हात पिठाचे असले की बोलून टाइप करते, आणि ते बोलून टाइप करणं ही एक वेगळीच करमणूक आहे. एकदा मी "त्यानं तिला मिठीत घेतलं" म्हणाले आणि मोबाईलनं ऐकलं "मिठात". घाईत तपासलं नाही, तसंच गेलं. सकाळी उठून बघते तर एका बाईंनी विचारलेलं, ताई लोणचं घालणार का तिचं. या सगळ्याचे पैसे मिळतात, वाचणारे पुढचा भाग उघडायला काहीबाही खर्च करतात त्यातला वाटा येतो, लाईटबिल निघतं. उन्हाळ्यात, पंखे-कूलर सुरू झाले की तेही निघत नाही.

माझा पहिला नायक वायरमन होता. खरंच. खांबावर चढलेला, कमरेला पट्टा, पावसात भिजलेला, आणि खाली सगळी आळी मान वर करून त्याच्याकडं बघतेय की लाईट कधी येणार. यापेक्षा रोमँटिक काय असतं मला आजही कळत नाही. पण पंधरा भागांनंतर वाचणाऱ्यांचे आकडे घसरायला लागले, बायका विचारायला लागल्या की हा नक्की कोण आहे ते कधी कळणार, म्हणजे त्यांची खात्रीच होती की हा वेश पालटून आलाय. शेवटी २०व्या भागात मी त्याला एक मामा काढून दिला. मामाची कंपनी निघाली. आकडे चढले. त्या रात्री मला जेवण गेलं नाही आणि नवऱ्यानं विचारलं काय झालं तर मी म्हणाले एकाला विकला आज. तो म्हणाला बरं, भात वाढू का.

तर हे माझं लिहिणं. ते आलं कुठून म्हणाल तर आईच्या लायब्ररीच्या कार्डावरून. कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे, मोठी माणसं तिकडं जायची, आई जायची ती आमच्या मंगळवार पेठेतल्या छोट्या लायब्ररीत, कारण ती भाजीच्या वाटेवर होती. एका वेळी दोन पुस्तकं मिळायची. एक वरती दिसायला, थोरामोठ्याचं चरित्र वगैरे, आणि एक पिशवीत मेथीच्या जुडीखाली. मेथीखालचं पुस्तक घरी आलं की त्याला लगेच 'पुढारी'चं कव्हर चढायचं. चंद्रकांत काकोडकर असले तर डबल कव्हर. आणि गंमत बघा, याच काकोडकरांच्या कादंबरीवरून १९६९ चा 'दो रास्ते' आला होता, तो आईनं सासूसासऱ्यांच्या मध्ये बसून, खारे दाणे खात, तीनदा बघितलेला. सिनेमा चालतो. पुस्तक मात्र मेथीखाली. मला लहानपणी वाटायचं पुस्तकात असं काहीतरी भयंकर असेल जे सिनेमात दाखवता येत नाही, म्हणून मी नववीत असताना ते कव्हर काढून रात्री वाचून काढलं, आणि भयंकर काहीच निघालं नाही. एक बाई होती जिला खूप काय काय वाटत होतं. मला आत्ता आत्ता कळतंय की झाकायचं होतं ते तेच होतं.

त्या पुस्तकांना वास असायचा. खळीचा, दमट कागदाचा, आणि कुठल्या कुठल्या घरांतल्या फोडण्यांचा. एका पानावर हळदीचा अंगठा, एका पानावर चहाच्या कपाचं चंद्रकोरीसारखं वर्तुळ. लायब्ररीवाले बाइंडिंग करताना मूळ मुखपृष्ठ फाडून टाकायचे किंवा आत कुठेतरी चिकटवून टाकायचे, त्यामुळं दलाल आणि मुळगावकर यांनी काढलेल्या त्या बायका, त्या टपोऱ्या डोळ्यांच्या, पदर वाऱ्यावर गेलेल्या, मला कॉलेजला जाईपर्यंत दिसल्याच नाहीत. माझ्या डोक्यातल्या सगळ्या नायिका लाल किंवा हिरव्या रेक्झिनच्या होत्या. पुढे रविवारी जुन्या बाजारात रद्दीवाल्याकडे पहिल्यांदा एक अख्खं मुखपृष्ठ बघितलं तेव्हा मला चक्क राग आला, अशी नव्हतीच ती, माझी सावळी होती.

सुमती क्षेत्रमाडे आईच्या खास. त्या डॉक्टर होत्या हे आईला पुस्तकापेक्षा जास्त आवडायचं. "दवाखाना सांभाळून लिहिते बाई, आणि तुमचं एक गणित होत नाही," असं माझ्यावर ओरडायला त्या कामी यायच्या. दूरदर्शनवर त्यांच्या कादंबरीवरची 'महाश्वेता' लागायची तेव्हा आमच्या वाड्यातल्या सगळ्या बायका आमच्या घरात असायच्या आणि आईचा थाट असा की जणू तिनंच लिहिलीय, कारण तिनं आधी वाचलेली होती. पुढं काय होणार हे तिला माहीत असायचं आणि ती कुणालाही सांगायची नाही. मी पहिल्यांदा लेखकाची सत्ता म्हणजे काय ते आईच्या तोंडावर बघितलं.

फडके मात्र मला उशिरा कळले, आणि ते कादंबऱ्यांतून कळलेच नाहीत. आमच्या गावचेच म्हणायचे, राजाराम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे आणि घरी येऊन प्रेमकथा लिहायचे, आणि त्याच गावात १९३८ पासून खांडेकर. एकाचं कलेसाठी कला, दुसऱ्याचं जीवनासाठी कला, आणि अख्खा महाराष्ट्र दोन गटांत उभा. खांडेकरांना १९७४ चं ज्ञानपीठ मिळालं. फडके हळूहळू एक विशेषण झाले, "फडकेछाप". शाळेत आम्हाला मराठीच्या बाई सांगायच्या की फडक्यांचे नायक टेनिस खेळतात, आणि हे अशा सुरात की जणू टेनिस खेळणं हा गुन्हा आहे. मी तिशीत त्यांचं 'प्रतिभासाधन' वाचलं, १९३१ चं, लिहायचं कसं यावर. आता कुणी फारसं नाव काढत नाही त्याचं, कारण लिहिणं हे शिकवता येतं असं म्हणणारा माणूस आपल्याकडं साहित्यिक समजत नाहीत. पण कुठं दडवायचं, कुठं सांगायचं, वाचणाऱ्याला दारात किती वेळ ताटकळत ठेवायचं, याचा असा रोखठोक विचार माझ्यासारख्या रोज नऊ वाजता भाग टाकणाऱ्या बाईला सोन्यासारखा वाटला. आता आम्हाला जे ट्रेनिंगमध्ये सांगतात, भागाच्या शेवटी हुक ठेवा म्हणून, ते या माणसानं आपल्याकडं नव्वदेक वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय. आणि त्यांच्या गुजगोष्टी, म्हणजे ते छोटे लघुनिबंध, मला कादंबऱ्यांपेक्षा आवडतात. छोट्याशा गोष्टीवरून सुरू करून हळूच कानात बोलल्यासारखं. मग हाच माणूस नायकाला कानात का बोलू देत नाही, हे मला पडलेलं कोडं.

कारण मुळात मराठीत हे बोलायचं कसं, हा आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा प्रश्न आहे, बाकी सगळे त्याच्यापुढे फिके. "मी तुझ्यावर प्रेम करतो." म्हणून बघा मोठ्यानं. डब केलेल्या सिनेमासारखं वाटतं, ओठ वेगळे हलतात आणि आवाज वेगळा येतो. "माझं तुझ्यावर प्रेम आहे" जरा बरं, पण त्यात सातबारा उतारा वाचल्याचा भास होतो. म्हणून बहुतेक जण सरळ आय लव्ह यू म्हणून मोकळे होतात, मल्हारही सुरुवातीला तेच म्हणायचा. मग आहे ते "जेवलीस का" आणि "पोचलीस की फोन कर", पण ते आता रील्सवाल्यांनी इतकं वापरलंय की खरंच कुणी जेवलीस का विचारलं तरी शंका येते. माझा सगळ्यात आवडता शब्द आहे "करमत नाही". तुझ्याशिवाय करमत नाही. यात प्रेम हा शब्दच नाही, तक्रार आहे, थोडा कंटाळा आहे, दुपारचे तीन वाजलेत, पंखा फिरतोय आणि माणूस घरात नुसता हिंडतोय. मी तो एका कथेत इतक्या वेळा वापरला की एकीनं लिहिलं, ताई नायकाला एखादा छंद लावा.

त्यात मी कोल्हापूरची. आमच्याकडं बायकाही "मी जातो, मी येतो" म्हणतात, हे बाहेरच्यांना विनोदी वाटतं आणि आम्हाला त्यात काही विशेष वाटत नाही. पुण्यात येऊन वीस वर्षं झाली, माझं आता सगळं "येते-जाते" झालंय, पण किणीचा टोलनाका ओलांडला की जीभ आपोआप वळते. एकदा एका दिवाळी अंकात (१९०९ मध्ये 'मनोरंजन'नं ही प्रथा सुरू केली तेव्हापासून प्रत्येक लिहिणाऱ्याला एकदा तरी तिथं छापून यायचं असतं, मलाही होतं) माझी एक कथा घेतली. नायिका पेठेतली, शेवटी ती नायकाला म्हणते, "मी येतो तुझ्याबरोबर." अंक हातात आला तर छापलेलं, "मी येते तुझ्याबरोबर." मुद्रितशोधन झालं होतं. फोन केला तर संपादक अतिशय गोड आवाजात म्हणाले, चूक राहिली होती, आम्ही दुरुस्त केली. मी थँक्यू म्हणाले. काय सांगणार, की ती "येते" म्हणाली तर आलीच नसती हो, "येतो" म्हणाली म्हणूनच तर घरातनं निघाली.

विषय निघालाय तर माझी अजून एक भानगड सांगून टाकते. प्रेमकथा लिहिणाऱ्या बाईला काय आवडत असेल असं लोकांना वाटतं? मोगरा, गझला, कॉफी. मला कुस्ती आवडते. बाबांमुळं. ते एसटीत कंडक्टर होते, सुट्टी जुळली की खासबागेत जायचे, शाहू महाराजांनी रोमचं ते भलंमोठं अखाडा-मैदान बघून आल्यावर बांधून घेतलेलं, १९१२ चं. भावाला न्यायचे, मला नाही न्यायचे. पण घरी आल्यावर उशीला आडवी पाडून सगळी कुस्ती करून दाखवायचे, ढाक कशी लावली, कळाजंग कशी बसली, आणि मी ती उशी होण्याच्या बाजूनं बघायची. आता मी रात्री भाग टाकून झाला की मोबाईलवर मैदानं बघते. निकाली कुस्ती, गुणांवरची नाही. सलामी होते, हात मिसळतात, आणि मग सुरू होते ती खडाखडी. कपाळाला कपाळ, मानेवर हात, एकमेकांचं वजन जोखत, पाय चाचपत, दहा-दहा मिनिटं काहीच होत नाही आणि लोक जागचे हलत नाहीत. मग डोळ्याचं पातं लवतं आणि एकाची पाठ लागलेली असते. तो शेवट बघायला रिप्ले लागतो, पण खडाखडी माणूस श्वास रोखून बघतो. मी लिहायला शिकले ती इथं. ६२ भाग माझी खडाखडी चालते. प्रश्न ६३व्याचा असतो.

तर त्या रात्री मी आईच्या घरात, बाबांच्या खुर्चीत बसून मल्हारचं ते दीड पान परत वाचलं. मला समासात पेन्सिल दिसायला लागली. प्रत्येक वाक्याशेजारी. असं कोण बोलतंय. असं कोण बोलतंय. आमच्या घरात असं कुणी बोललं नाही, बाबा तर नाहीच, ते ड्युटीवरून आले की चपला दाराशी, पिशवी खुंटीला, तिकिटांचा ट्रे कपाटावर, आणि मग फक्त पाण्याच्या तांब्याचा आवाज. माझा नवरा फाउंड्रीतला माणूस, त्याला गोष्ट दोनदा सांगितलेली आवडत नाही आणि ही तर तो एकदाही सांगत नाही. मी स्वतः कुणाला असं काही म्हटलेलं नाही. मग मी हे आणते कुठून, आणि कुणाच्या तोंडात घालते? पावणेनऊला मी सगळं पुसलं. मल्हार आला, पाऊस होता, त्यानं स्वतःची छत्री सईच्या हातात दिली, "उद्या आण" म्हणाला आणि भिजत निघून गेला. टाकून दिला भाग. मला वाटलं काय लिहिलंय मी आज. उद्या आण! त्यात उद्या आहे, परत भेटणं आहे, सगळं आहे. फडक्यांना जमलं नाही ते मी दोन शब्दांत केलं, अशा गुर्मीत झोपले.

सकाळी बघते तर बायका खवळलेल्या. ६३ भाग वाट बघितली आणि हा छत्री देऊन गेला? ताई बरं नाही का तुम्हाला? एकीनं लिहिलं होतं, घरी पण हेच आहे, छत्रीच देतात सगळे, इथं तरी बोलू द्या ना एखाद्याला. ते वाचून मी चहा तसाच ठेवून गॅलरीत जाऊन उभी राहिले.

दुपारी आई मेथी निवडत बसली होती. तिच्यासमोर वर्तमानपत्र, त्यावर हिरवी पानं आणि देठांचे दोन ढीग, आणि ती निवडताना बघत नाही, बोटांना माहिती आहे सगळं. मी तिच्या शेजारी बसले, दोनचार काड्या हातात घेतल्या. आणि का कोण जाणे, इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं ते विचारलं.

"आई, बाबा तुला कधी काय म्हणाले होते का गं? म्हणजे असलं काही?"

"कसलं?"

"हेच. प्रेमबिम."

"म्हणायचे की."

मला वाटलं तिला नीट ऐकू आलं नाही. "काय म्हणायचे?"

"असलंच. तू लिहितेस तसलं, लांबलचक. मीच म्हणायचो, गप बसा, पोरं जागी हाईत."

"आपले बाबा?"

"मग काय शेजारचे?"

मेथीची काडी माझ्या हातातच राहिली. आई मात्र निवडतच होती, आणि निवडता निवडता सांगत होती, भाव सांगावा तसं. बाबांची मुक्कामी गाडी असायची गगनबावड्याला. इथनं पन्नासेक किलोमीटर, पण पावसाळ्यात तिथं पडतो तसा पाऊस कुठं नाही, लाईट गेलेली, पत्र्यावर आवाज, ड्रायव्हर झोपलेला. वाचायला पाहिजे म्हणून ते आईचं पुस्तक न्यायचे. मेथीखालचं. कव्हर घातलेलंच असायचं त्यामुळं डेपोत कुणी विचारायचं नाही काय वाचता. कंदिलावर वाचायचे रात्रभर, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आले की रात्री दिवा मालवल्यावर आईला म्हणून दाखवायचे. त्यातलंच. नायकाचं बोलणं, जसंच्या तसं.

"सांगायचे का, पुस्तकातलं आहे म्हणून?"

"छ्या. स्वतःचंच असल्यागत म्हणायचे."

"आणि तुला कळायचं नाही?"

"न कळायला काय? पुस्तक मीच आणलेलं, माझं आधी वाचून झालेलं. कुठल्या पानावरचं तेपण कळायचं."

"मग? काय वाटायचं तुला?"

आईनं पहिल्यांदा हात थांबवला. विचार केला. "काय वाटायचं. पाठ बरं केलंय वाटायचं." परत निवडायला लागली, आणि मग एकदम तिला आठवून हसू आलं, खांदे हलायला लागले, "आणि तिचं बोलणंपण हेच म्हणायचे गं. नायिकेचं. तिनं काय उत्तर दिलं ते. मी म्हणायचो, ते तरी माझं मला म्हणू द्या. मलापण वाचायला येतंय."

मी त्या खुंटीकडं बघत होते. तिच्यावर आता आईची औषधांची पिशवी असते. मला तो तांब्याचा आवाज आठवत होता, आणि मला इतकी वर्षं खात्री होती की त्या आवाजानंतर आमच्या घरात काही बोललं जात नव्हतं. आम्ही झोपलेलो असायचो. किंवा झोपलोय असं आईला वाटेपर्यंत ते थांबत असतील.

मग मी मोबाईलमधला तो फोटो काढून तिच्यापुढं धरला. तिनं हात पदराला पुसले, चष्मा शोधला, तो डोक्यावरच होता, आणि दोन बोटांनी फोटो मोठा करत करत समासावर आली. पेन्सिलचं वाचलं, बॉलपेनचं वाचलं.

"अक्षर माझं न्हाई," ती म्हणाली.

मी तसं विचारलंच नव्हतं. पण ती आता समासातून आत शिरली होती, छापलेल्या ओळींवर, बोटानं फोटो सरकवत, ओठ अगदी थोडे हलवत. मेथी तशीच पडली होती. बाहेर कुणीतरी भंगार-रद्दी ओरडत गेला तरी तिनं मान वर केली नाही. शेवटच्या ओळीपाशी पोचल्यावर तिनं अजून वर सरकवून बघितलं, मग डावीकडं, मग मोबाईल जरा झटकून बघितला आणि चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.

"पुढचं पान न्हाई घेतलंस?"